माटुंग्याच्या आश्रमापासून वडाळ्याच्या रुग्णालयापर्यंत

वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाची स्थापना १८९० सालची. तेव्हा हा भाग माटुंगा म्हणूनच ओळखला जाई आणि मुंबई शहर त्याच्या बरेच अलीकडे संपत असे. पलीकडे शेते, खाडी आणि मिठागरे. संस्थेचे पहिले नाव ‘होमलेस लेपर असायलम’, म्हणजे बेघर महारोग्यांचा आश्रम. ‘बेघर’ हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही. घरदार असलेला, पैसेवाला कुष्ठरोगी कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता. खुपत होता तो भायखळ्याच्या, काळबादेवीच्या रस्त्यावर हात पसरून बसणारा.

संस्थेला ज्यांचे नाव पुढे दिले गेले ते हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हे मुंबईचे तत्कालीन महानगरपालिका आयुक्त. मराठी वाचकाला ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असायला हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला आणि पुढे १८९४ मध्ये त्यांतल्या काही पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूपांतरही छापले. म्हणजे ज्या काळात हे गृहस्थ गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे गोळा करून घेत होते, त्याच काळात ते रस्त्यावरच्या महारोग्यांना माटुंग्याला हलवण्याच्या खटपटीत होते. दोन्ही कामे त्यांनी मनापासून केली. पहिल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. दुसऱ्याबद्दल मत देताना मात्र थोडे थांबावे लागते.

रुग्णालयाची हकीकत १८९० पासून सांगण्याची रीत आहे. पण आश्रम उभा राहण्याआधी तीसेक वर्षे मुंबईत या रोगाची तपासणी सुरू होती, आणि आश्रमात पुढे जे घडले त्याची बीजे तिथे आहेत.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा तरुण डॉक्टर १८५८ साली मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. त्याच वर्षी लंडनला ग्रे यांचे ‘अ‍ॅनाटॉमी’ प्रसिद्ध झाले. त्यातली सगळी चित्रे कार्टरची. शीर्षकपानावर मात्र त्याचे नाव लहान टाइपात बसवले गेले. या माणसाची नजर चित्रकाराची होती, आणि त्वचारोगात ती फार उपयोगी पडते. पायावर गाठी येऊन त्यांतून दाणे गळणाऱ्या, ‘मदुरा फूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगामागे बुरशी आहे हे त्याने दाखवले आणि १८६० मध्ये त्या रोगाला मायसेटोमा हे नाव दिले. आज जगभरच्या पुस्तकांत तेच नाव चालते. जे. जे. रुग्णालय आणि भायखळ्याची धर्मशाळा इथल्या महारोग्यांना तो वर्षानुवर्षे तपासत राहिला. मधली काही वर्षे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७३ मध्ये तो नॉर्वेला गेला. तिथले डॉक्टर आर्माउअर हॅन्सन यांना रोग्यांच्या गाठींत जंतू दिसल्याचे वर्ष तेच. तिथून परतल्यावर कार्टरचे मत पक्के झाले: हा रोग आनुवंशिक नाही, एकापासून दुसऱ्याला होतो, तेव्हा रोग्यांना वेगळे ठेवा. नॉर्वेतल्या आश्रमांवर त्याने सरकारला अहवाल दिला. मुंबईतल्या आश्रमाची कल्पना पुढे ज्या कागदांवर उभी राहिली, त्यांत हा अहवाल महत्त्वाचा.

त्याच शहरात, त्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड निराळ्या वाटेने चालले होते. ते मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. संस्कृत पंडित, शिलालेखांचे वाचक आणि गोरगरिबांना फुकट औषध देणारे डॉक्टर अशी त्यांची ख्याती. महारोगावर ते एका बियांचे तेल देत. ते झाड कडू कवठाचे. गोव्यात त्याला खष्टेल म्हणतात. पश्चिम घाटाच्या सदाहरित रानात ओढ्याकाठी ते उगवते. आमच्याकडे जोयडा तालुक्यात काळी नदीच्या खोऱ्यातही. तपकिरी, लवदार, कठीण सालीचे फळ आणि आत कोनदार बिया. फळ पाण्यात पडले की मासे गुंगतात, म्हणून ते खाणे धोक्याचे हे रानात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तेल मात्र खरजेवर, गुरांच्या जखमांवर लावण्याची चाल किनारपट्टीत जुनी आहे. भाऊ दाजींनी हे घरगुती औषध दवाखान्यात आणले, पोटात द्यायला सुरुवात केली, रोग्यांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. त्यांचे पुष्कळ नाव झाले आणि टीकाही झाली. कारण औषध काय आहे ते त्यांनी उघड केले नाही. १८७४ मध्ये ते वारले. शास्त्राच्या दृष्टीने औषध गुप्त ठेवण्याची ही उणीव मोठी आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गुप्त औषधाची परीक्षा दुसऱ्याला घेता येत नाही. तरी एका गोष्टीत ते काळाच्या पुढे होते: रोग्याला कुठे ठेवायचे यापेक्षा त्याला काय द्यायचे, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला.

जोयडा, म्हणजे तेव्हाचे सुपे, १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होते. उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला तो राज्यपुनर्रचनेपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे ज्या रानात हे झाड वाढत होते त्या रानातल्या माणसांसाठीही महारोगाबाबतचा कारभार मुंबईतूनच चालत होता.

आश्रमाच्या स्थापनेमागची तातडी मात्र संशोधनाने आणलेली नव्हती, भीतीने आणली होती. १८८९ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने गेले. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून हाहाकार उडाला. राष्ट्रीय कुष्ठनिधी उभा राहिला, आणि त्या निधीतून एक आयोग हिंदुस्थानात पाठवला गेला. मुंबईत नागरिकांनी सभा घेतल्या, देणग्या जमल्या. महारोग्यांसाठी वेगळा कायदा अजून झालेला नव्हता. ॲकवर्थ यांनी पालिकेच्या हाती असलेल्या अधिकारांवरच काम भागवले आणि माटुंग्याला शेड उभारल्या. आत देऊळ, मशीद आणि ख्रिस्ती प्रार्थनामंदिर बांधून दिले. माणूस एकदा आत आला की त्याने बाहेर जाण्याचे कारण उरू नये, हा त्यामागचा हेतू असावा असे वाटते. दयेची आणि बंदोबस्ताची अशी सरमिसळ त्या काळच्या बहुतेक आश्रमांत दिसते.

आश्रमाचे आवार मोठे होते. सांडपाण्यावर शेती केली जाई आणि अंगात बळ असलेले रोगी त्यात काम करीत. पालिकेचे ड्रेनेज इंजिनियर सी. सी. जेम्स यांनी इथे मैल्याच्या बंद टाक्यांचा प्रयोग केला. १८९७ च्या सुमारास त्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवण्यात आले. बायोगॅसच्या जागतिक इतिहासात माटुंग्याच्या आश्रमाचे नाव येते ते यामुळे. गंमत अशी की अनेक पुस्तकांत आणि लेखांत हा प्रयोग १८५९ सालचा म्हणून छापला जातो, म्हणजे आश्रम जन्माला येण्याआधी एकतीस वर्षांचा. एकाने लिहिले, पुढच्यांनी उतरवले. संस्थेच्या अभिमानाखातर हा आकडा आपण तरी उचलू नये.

आश्रमाचे वैद्यकीय काम पहिल्या दशकात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्याकडे होते. हे नाव मुंबईच्या प्लेगच्या इतिहासात जास्त वेळा येते. १८९६ मध्ये साथ सुरू झाल्यावर आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात त्यांनी जे काम केले त्याने ते युरोपातही ओळखले गेले. पण आश्रमावरचा त्यांचा १८९० ते १८९७ या वर्षांचा अहवाल हा या संस्थेतून बाहेर पडलेला पहिला खरा संशोधनग्रंथ आहे. माटुंग्याच्या आश्रमात निवडक रोगी नव्हते. रस्त्यावरून आणलेले, नाना जातिधर्मांचे, नाना प्रांतांचे, रोगाच्या प्रत्येक पायरीवरचे रोगी एका जागी वर्षानुवर्षे पाहायला मिळत होते. रोगाचा प्रवास समजायला हेच लागते. कुष्ठरोग महिन्यांत बदलत नाही, वर्षांत बदलतो. आज आला आणि उद्या गेला अशा बाह्यरुग्णावरून त्याचे काहीच कळत नाही.

इथे या इतिहासातला पेच सुरू होतो. लंडनहून आलेल्या आयोगाचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. रोग सांसर्गिक असला तरी संसर्गाने पसरण्याचे प्रमाण फार थोडे आहे, सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असे आयोगाच्या सदस्यांचे म्हणणे पडले. ज्यांनी आयोग पाठवला त्या लंडनच्या समितीलाच हे पटले नाही. १८९७ मध्ये बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली आणि तिथे हॅन्सन यांच्या नॉर्वेचा कित्ता उचलून धरला गेला. १८९८ मध्ये हिंदुस्थान सरकारने महारोग्यांचा कायदा केला तो निराधार, भीक मागणाऱ्या रोग्यांना धरून आश्रमात ठेवण्यासाठी. पुरावा एकीकडे, कायदा दुसरीकडे. माटुंग्याचे कुंपण पुढची कित्येक दशके या कायद्याच्या आधाराने उभे राहिले.

त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे चटकन ओलांडता येतील. कडू कवठाचे आणि त्याच्या नात्यातल्या चालमोगऱ्याचे तेल जगभर प्रतिष्ठा पावले. लंडनला पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली आम्ले वेगळी केली, हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याचे टोचता येईल असे रूप तयार केले, कलकत्त्याला रॉजर्स आणि म्यूर यांनी त्याची इंजेक्शने रूढ केली. ब्रह्मदेशातल्या खऱ्या चालमोगऱ्यापेक्षा आपल्या किनाऱ्यावरच्या झाडाचे ताजे तेल स्वस्त आणि चांगले, असा अनुभव आला. देशभरच्या आश्रमांत आठवड्याला सुया टोचल्या जात. सुई दुखे, गळवे होत, कोणाला थोडे बरे वाटे, कोणाला नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिलला सल्फोन औषधांचा गुण दिसला, १९४६ च्या सुमारास कॉक्रेन यांनी मद्रासकडे डॅप्सोनचा वापर सुरू केला आणि तेलाचे दिवस भरले. डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, घरी घेता येत होती. घरी घेता येण्याजोग्या गोळीसाठी कुंपण कशाला, हा प्रश्न त्या गोळीबरोबरच आला.

स्वातंत्र्यानंतरच्या पर्वात माटुंगा-वडाळ्याचे रुग्णालय आणि परळच्या प्रयोगशाळा यांचे नाते जुळले. मध्ये अंतर फार नाही. बर्फात ठेवलेला कातडीचा तुकडा तास-अर्ध्या तासात पोचे. परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून मान्यता पावलेले. कर्करोगावरचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. कुष्ठरोगावरचे त्यांचे काम, माझ्या मते, त्याच तोलाचे आहे. १९५१ मध्ये त्यांनी सुरुवातीच्या चट्ट्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासावर निबंध प्रसिद्ध केला. रोग त्वचेवर दिसण्याच्या आधी बराच काळ जंतू मज्जातंतूंत मुक्कामाला असतात, एक ‘मूक’ अवस्था असते, हे त्यांनी ठासून मांडले. त्वचारोग म्हणून ज्याची शतकानुशतके गणना झाली तो मुळात मज्जातंतूंचाही रोग आहे, ही दृष्टी त्यामुळे पक्की झाली. बोटे झडतात ती जंतूंनी खाल्ली म्हणून नव्हे. बधिर झालेल्या बोटाला चुलीवरचे भांडे भाजते ते कळत नाही, जखम चिघळते, म्हणून.

कुष्ठरोगाचा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. खानोलकरांच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली होती. तिथे डॉ. सी. व्ही. बापट आणि रणदिवे यांनी १९५८ मध्ये रोग्याच्या गाठींतून काढलेल्या द्रव्यावर काम करताना एक आम्लरोधी जंतू वाढवून दाखवला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू हे नाव पडले. हाच कुष्ठजंतू, असा आनंद सुरुवातीला झाला. पुढे कळले की तो त्याच्या दूरच्या नातलगांपैकी, एव्हियम गटातला. शोध फसला असे म्हणता येईल. पण पुढे तसे झाले नाही. डॉ. माधव देव आणि बापट यांनी किरणोत्साराने मारलेल्या याच जंतूंची लस बनवली. ज्यांच्या शरीरात कुष्ठजंतूला काहीच प्रतिकार होत नाही अशा रुग्णांना ती टोचल्यावर प्रतिकार जागा झाल्याचे दिसले. भाटकी, चुलावाला, बापट आणि देव यांचा १९८३ चा शोधनिबंध अशाच पाच रुग्णांचा आहे. वडाळ्याच्या वॉर्डातले डॉक्टर आणि परळचे प्रयोगशाळावाले एका निबंधावर एकत्र दिसतात, ते पाहून या संस्थेत काम केलेल्यांना आनंद वाटणे साहजिक आहे.

लसीची खरी परीक्षा दक्षिणेत झाली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली मद्रासजवळ १,७१,४०० निरोगी माणसांवर चार लसींची तुलना केली गेली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले: आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण, बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के, नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के, एम. डब्ल्यू. लसीने २५.७ टक्के. आकडे चांगले होते. तरी ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली नाही. तोपर्यंत औषधांनीच रोग्यांची संख्या इतकी घसरली होती की लसीची निकड सरकारला राहिली नाही. मला हा निर्णय घाईचा वाटतो. या सगळ्या निबंधांत एक गोष्ट नाही. ज्यांच्या कानाच्या पाळीतून, गाठींतून ते चिमटीभर द्रव्य घेतले त्यांचे कोणाचे नाव नाही. नाव छापू नये हा नियम योग्यच. पण १९५८ साली त्यांना कशासाठी घेतो ते सांगितले होते का, याची नोंदही निबंधांत नाही.

मुलांकडे लक्ष जरा उशिराच गेले. आश्रम बेघर प्रौढांसाठी होता. लहान मुलांचा रोग घरात, चाळीत, शाळेत लपलेला असे. सत्तरच्या दशकात डॉ. आर. गणपती, एस. एस. नाईक आणि डॉ. शुभदा पंड्या यांनी मुंबईतल्या शाळांमधून मुले तपासली आणि त्यांच्या त्वचेवरच्या लक्षणांवर १९७६ मध्ये निबंध लिहिला. त्याच वर्षी गणपती यांनी बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट सुरू केला.

शाळेतली तपासणी ऐकायला सोपी, करायला कठीण. दहा मुलांना शर्ट काढून उजेडात उभे केले की निम्म्यांच्या अंगावर काही ना काही दिसते. गालावर पांढुरकी शिबे, कमरेला नायटा, बोटांच्या बेचक्यात खरूज, एखाद्याला कोड. कुष्ठाचा चट्टा यांच्या गर्दीत उभा असतो: फिकट किंवा तांबूस, खाजत नाही, दुखत नाही, घाम येत नाही, लव झडलेली. कापसाचा बोळा टेकवून डोळे मिटलेल्या मुलाला विचारायचे, कुठे लागले? मोठा माणूस बोट ठेवून दाखवतो. सहा वर्षांचे पोर डॉक्टरला खूश करण्यासाठी काहीही सांगते. चेहऱ्यावर तर मज्जातंतूंचे जाळे इतके दाट की चट्टा खरा असला तरी संवेदना टिकून राहते. म्हणून कोपराजवळची, गुडघ्यामागची, मानेतली नस हाताने चाचपायची, ती जाड लागते का पाहायचे, आणि शंका राहिली तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचे. कातडीला चीर देऊन घेतलेला नमुना मुलांत बहुधा स्वच्छच येतो. त्याच्या भरवशावर निदान नाकारणे ही चूक ठरते.

मुलांच्या एकट्या चट्ट्यांपैकी पुष्कळसे औषधाविनाच मावळतात, हे फिलिपीन्सच्या क्युलियन बेटावर लारा आणि नोलास्को यांनी १९५६ मध्येच दाखवले होते. मग शाळेत जाऊन मुलाला ‘कुष्ठ’ हा शिक्का कशाला लावायचा, असा प्रश्न पालकांकडून येई, आणि तो चुकीचा नव्हता. उत्तर असे की कोणता चट्टा मावळेल आणि कोणता पसरेल हे आधी सांगता येत नाही. आणि शाळेत एक मूल सापडले की त्याच्या घरात न सापडलेला मोठा रोगी असण्याची शक्यता मोठी. मुलाच्या पाठीवरचा चट्टा हा पुष्कळदा आजोबांच्या किंवा काकांच्या रोगाचा पत्ता असतो.

१९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सुचवला. एकटे डॅप्सोन पुरे पडत नाही, जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे मलेशियात १९६४ मध्ये सिद्ध झालेले होते. आपल्याकडे वर्धा आणि पश्चिम बंगालातला पुरुलिया हे दोन जिल्हे या उपचारासाठी सर्वांत आधी निवडले गेले. या तिन्हींतल्या रिफॅम्पिसिनचा पहिला डोस पोटात गेल्यावर थोड्याच दिवसांत रोगी कोणाला संसर्ग देण्याच्या स्थितीत राहत नाही. माटुंग्याच्या कुंपणामागचे मूळ कारण अशा रीतीने गोळ्यांच्या एका पाकिटाने संपवले. ते पाकीट ज्या अभ्यासांवर उभे आहे त्यांतले अनेक अभ्यास अशाच आश्रमांतल्या माणसांच्या अंगावर झालेले आहेत.

कायदा पाठीमागून सावकाश आला. पती किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. देशाने २००५ अखेर दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. त्यानंतर अनेक ठिकाणी घरोघरची तपासणी थंडावली आणि नव्या रोग्यांत मुलांचा आकडा हलेना. मुलाला रोग होतो म्हणजे आसपास संसर्ग ताजा आहे, एवढाच त्याचा अर्थ. बांगलादेशातल्या २००८ च्या मोठ्या चाचणीत नव्या रोग्याच्या संपर्कातल्यांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिल्याने पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही हा डोस आला आहे. नवा रोगी नोंदला गेला की घरातल्या, शेजारच्या सर्वांची त्वचा उजेडात पाहायची, आणि चट्टा नसेल व औषधाला दुसरी आडकाठी नसेल तर दोन वर्षांवरच्या मुलांसकट प्रत्येकाला तो डोस द्यायचा.